खाऱ्या पाण्यासाठी चुन्याची निवळी

होळीचा रंग कानामागे शिल्लक असतो तोवरच नागपुरात घरोघरी कूलर निघतात. गच्चीवर, जिन्याखाली, जुन्या चादरीत गुंडाळून वर्षभर पडलेल्या त्या लोखंडी पेट्या एकाच रविवारी अंगणात येतात आणि गल्लीभर पत्र्यावर ब्रश घासल्याचा आवाज सुरू होतो. कोपऱ्यावर कूलरला लावायच्या वाळ्याच्या ताट्यांचा ठेला लागतो. त्याच्या जवळून गेलं की उन्हाळा नाकातून आत शिरतो. मला तो वास आवडतो. नागपूरच्या उन्हाळ्यातली तेवढी एकच गोष्ट मला आवडते, बाकीचा कोणी फुकट दिला तरी नको.

यंदा त्या रविवारी मीही आमचा कूलर काढला. तळाशी पांढरा थर बसला होता, बोअरच्या पाण्यातला चुना. तो पेचकसानं खरवडावा लागतो, नुसता धुऊन जात नाही. खरवडता खरवडता मनात आलं, या शहरात चुना कुठे नाही? गिझरच्या आत आहे, नळाच्या तोटीवर आहे, पानठेल्यावर तर आहेच आहे. आणि मागच्या उन्हाळ्यात हाच चुना नीट रूपात मिळावा म्हणून मी गावभर हिंडत होतो.

वैशाली, माझी बायको, दारात येऊन उभी राहिली.

"मामाजींले फोन केला काय?"

"केला."

"काय म्हणाले?"

"पाहू म्हणाले."

ती आत गेली. मामाजी म्हणजे तिचे सासरे, माझे बाबा, आणि त्यांचं 'पाहू' म्हणजे काय ते तिला माझ्यापेक्षा चांगलं कळतं. बाबा खाप्याला, माझ्या धाकट्या भावाकडे राहतात. मागचा उन्हाळा ते आमच्याकडे होते आणि तो पुरता संपायच्या आत निघून गेले. भांडण झालं नव्हतं, रुसवाफुगवा नव्हता. या कूलरपायी गेले. यंदा ते येतात की नाही, एवढाच प्रश्न घेऊन मी चुना खरवडत बसलो होतो.

आमच्या हॉलमध्ये समुद्र आहे. काचेच्या टाकीत मावणारा, पण खरा खारा. नागपूरहून कुठलाही समुद्र गाठायचा तर सारखाच लांब. देशाच्या मधोमध राहून माणसानं समुद्र पाळावा यात थोडा आडमुठेपणा आहे, आणि तो माझ्यात लहानपणापासून आहे असं आई म्हणायची. ऑफिसात लोक म्हणतात, "एवढं काहून करतो गा? लोणारचं पाणी आण न, जवळ पडन." मी हसतो. बाहेरून येणारं खास मीठ बादलीत कालवायचं, तापमान सांभाळायचं, आणि त्या बदल्यात दोन नारिंगी मासे, चारदोन गोगलगायी आणि दगडावर चढलेला एक गुलाबी थर पाहत बसायचं, असा हा उद्योग आहे. तो गुलाबी थर म्हणजे जिवंत शेवाळ. पाण्यातला चुना घेऊन ते आपली कातडी बनवतं. गोगलगाय त्याच चुन्यातून आपला शंख बनवते. पाण्यातला चुना संपला की दोघांचंही बांधकाम थांबतं. पुस्तकी लोक त्याला कॅल्शियम म्हणतात, त्यामुळे मीही दुकानात तेच म्हणत असे.

बाबांना मी आणलं ते आई गेल्यानंतरच्या फाल्गुनात. बाबांचं सगळं आयुष्य खाप्यात हातमागावर गेलं. माग केव्हाच बंद झाला होता, पण आई होती तोवर त्यांना ते फारसं जाणवलं नसावं. आई गेली आणि ते ताटासमोर नुसते बसून राहू लागले. भावानं फोन केला, "बाबा जेवत नाहीत, तू घेऊन जा काही दिवस." आमच्याकडेही तसंच. टीव्ही चालू असायचा आणि बाबा त्याच्याकडे पाठ करून टाकीकडे तोंड करून बसायचे. दिवसच्या दिवस हं आणि नाही यापलीकडे शब्द नाही. मला भीती वाटू लागली होती की हा माणूस आता हळूहळू आवरतं घेतो आहे.

एका संध्याकाळी त्यांनी विचारलं, "हे पाणी खारं हाय म्हणते?"

"हो बाबा, समुद्राएवढं."

त्यांनी बोट बुडवलं, जिभेला लावलं, तोंड वाकडं केलं. बाबांनी समुद्र कधी पाहिलेला नाही. थोडा विचार करून म्हणाले, "मंग मासे लोणच्यासारखे मुरत नाही काय गा?"

आई गेल्यापासून ते पहिल्यांदाच एवढं बोलले होते. वैशाली हातातलं लाटणं घेऊन स्वयंपाकघरातून बाहेर आली होती.

मासे त्यांना पसंत नव्हते. "हे लय मिरवते," म्हणायचे. त्यांचा जीव जडला तो सगळ्यांत मोठ्या गोगलगायीवर. दिवसभर काच चाटत फिरायची, शेवाळ खायची, कोणाच्या अध्यातमध्यात नाही. "हे कामाची बाई हाय," बाबा म्हणाले, आणि तेव्हापासून तिचं नाव बाई पडलं. सकाळी उठल्यावर पहिला प्रश्न, "बाई कोठी गेली?"

त्यामुळे तिचं दुखणंही त्यांनाच आधी दिसलं. "बाईचं घर झिजून राहिलं," ते एकदा चहा पिता पिता म्हणाले. मी भिंग लावून पाहिलं. शंखाच्या टोकावर पांढरे खड्डे पडले होते. मग लक्षात आलं, दगडावरचा गुलाबीही जागोजागी पांढरा पडला आहे. पाणी तपासायची एक पेटी माझ्याकडे आहे. काचेच्या नळीत पाणी घेऊन औषधाचे थेंब टाकत जायचे. पेटीतल्या पुडीनं गुलाबी झालेलं ते पाणी निळं व्हायला जितके जास्त थेंब लागतील तितकं कॅल्शियम जास्त. आमचं पाणी थोडक्या थेंबांतच निळं झालं.

मग सुरू झाली माझी भटकंती. सीताबर्डीवरच्या एका माशांच्या दुकानात कॅल्शियमची बाटली मिळाली. मी विचारलं, हे खाऱ्या पाण्याचं आहे ना? दुकानदार म्हणाला, "कॅल्शियम तो कॅल्शियम होता है, भैया." बाटलीवर मुकुट घातलेला मासा होता. त्या औषधानं पाण्याला थोडा फेस आला, बाकी काही झालं नाही. चुना आणायला गेलो आणि चुना लावून घेऊन आलो. घरी डॉक्टरांनी वैशालीला दिलेल्या कॅल्शियमच्या गोळ्या होत्या. मी नुसतं त्या डबीकडे पाहिलं तर ती म्हणाली, "माह्या गोळ्यायकडे पाहू नका. माहे गुडघे काही काचेच्या टाकीत नाहीत." मग इतवारीत गेलो. तिथे हातगाड्यांतून वाट काढत काष्ठौषधीच्या एका जुन्या दुकानात समुद्रफेस मागितला. समुद्रातल्या एका जिवाचं ते पांढरं हलकं हाड, सगळा चुनाच. दुकानदारानं वर न पाहता विचारलं, "कान फुटला काय कोणाचा?"

"नाही. गोगलगायीचं घर झिजलं."

त्यानं तरीही वर पाहिलं नाही. पुडी बांधून दिली. इतवारीत कोणी कशासाठी काय नेतं याचं नवल करायला कोणाला सवड नसते. समुद्रफेस टाकीत टाकला तर तो वर तरंगत राहिला. समुद्राचीच वस्तू, पण खाऱ्या पाण्यात विरघळेना.

हे सगळं बाबा बसल्या जागेवरून पाहत होते. त्यांच्या बंडीच्या खिशात कायम एक डबी असते, एका बाजूला तंबाखू, एका बाजूला चुना. एक दिवस आम्ही दोघं ऑफिसातून आलो तर टाकीत समुद्र नव्हता, मठ्ठा होता. पांढराफेक. मासे वरच्या कोपऱ्यात तोंड वर करून श्वास घेत होते. बाबा समोर स्टुलावर बसले होते, हातात रिकामी डबी. नवा आणलेला चुन्याचा पुडाही शेजारी रिकामा पडला होता.

"तुह्या माईले बाळंतपणात चुन्याचं पान देत होते," बाबा म्हणाले. "तिचे हाडं कधी कुरकुरले नाही. मले वाटलं बाईले बी..."

त्यांनी रिकामी डबी मिटली. आणि त्यांचा हिशोब मला कळत होता. त्यांनी जन्मभर सुताला खळ लावली होती. सूत कच्चं असलं तर त्याला खळ द्यायची, भरपूर द्यायची, मग ते ताठ होतं आणि मागावर टिकतं. गोगलगायीच्या बाबतीतही त्यांनी तेच केलं.

वैशालीनं पदर खोचला. मी पाणी उपसलं, ती बादल्या ओतून आली, पुन्हा मीठ कालवलं, पुन्हा भरलं. बाई शंखाचं दार लावून तळाशी पडून होती. बाबा त्या दिवशी जेवले नाहीत. एवढंच म्हणाले, "मी मारली तिले." दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्याच हाकेनं आम्ही उठलो. बाई काचेवर चढली होती. बाबांनी नाश्त्याला पोहे मागून घेतले.

टाकी वाचवायची कशी ते शोधताना मला एक गोष्ट वाचायला मिळाली आणि हसू आलं. जगभरात समुद्र पाळणारे लोक चुनाच देतात. पण गाळ नाही, त्याची निवळी. चुना पाण्यात कालवून ठेवायचा, खाली बसू द्यायचा, आणि वरचं आरशासारखं पाणी थेंब थेंब टाकीत सोडायचं. लहानपणी आम्हा भावांच्या दुधात आई जी चमचाभर घालायची, तीच चुन्याची निवळी. बाबांची चूक अर्धीच होती. मी त्यांना हे सांगितलं तेव्हा ते उठून टाकीपाशी गेले. मग म्हणाले, "हे काम माह्याकडे दे."

तो चैत्र मला अजून आठवतो तो बाबांच्या त्या कामामुळे. पानाचा चुना नको, त्यात काय काय घोटलेलं असतं, म्हणून साधा कळीचा चुना आणला. मोठ्या बरणीत तो भिजायचा. मेडिकलमधून सलाइनची नळी आणली. उजाडायच्या वेळेला बाबा उठायचे, वरची निवळी तळ न हलवता बाटलीत काढायचे, बाटली खिळ्याला टांगायचे आणि नळीचं चाक फिरवून थेंब लावायचे. एक थेंब, थोडं थांबून दुसरा. थेंब लवकर पडला तर चाक किंचित मागे. त्या बोटांना सुताची ओढ ठाऊक होती. यात एक मेख आहे. टाकीतलं पाणी उडतं, मीठ मागे उरतं. म्हणून जेवढं उडालं तेवढंच गोडं पाणी वरून द्यायचं, जास्त नाही. त्या गोड्या पाण्याच्या जागी आम्ही निवळी देत होतो. चैत्रात नागपूरची हवा अशी कोरडी, की बाटलीच्या बाटली रोज रिकामी व्हायची. "बाई आज लय प्याली," बाबा सांगायचे. दगड पुन्हा गुलाबी होऊ लागला. बाईच्या शंखाच्या कडेला नवी गुळगुळीत पट्टी आली. आणि बाबा जेवू लागले, कोपऱ्यावरच्या पानठेल्यापर्यंत जाऊ लागले, तिथे कोणाला तरी चुना कसा निवळावा हे समजावून सांगू लागले. मला तेव्हा फार बरं वाटलं होतं.

मग वैशाख आला. आमच्याकडे एसी फक्त झोपायच्या खोलीत आहे आणि तो बाबांना सोसत नाही. "हाडात घुसते," म्हणतात. म्हणून हॉलच्या खिडकीतला कूलर दिवसभर चालू लागला. कूलरची हवा गार तशीच दमट. डब्याबाहेर राहिलेले पापड नरम पडतात, काड्यापेटी ओढली तर पेटत नाही. टाकीचं पाणी काही तापलं नाही, पण ते उडेनासं झालं. आणि पाणी उडालं नाही तर निवळीला जागा नाही. बाटली खिळ्याला भरलेलीच राहू लागली. दगड पुन्हा फिका पडला.

हे कोडं बाबांनीच सोडवलं. "कूलर लावला तशी बाई पीत नाही," ते जेवताना म्हणाले. मी म्हणालो, बरोबर आहे बाबा, हवेत ओल आहे ना, म्हणून. कोडं सुटल्याचा मला आनंदच झाला. बाबा वरणात पोळी बुडवत राहिले.

नवतपा लागला, उन्हाळ्यातले सगळ्यांत कडक नऊ दिवस. बाहेर डांबर मऊ झालं होतं. त्या दिवसांत आम्ही कामावर गेलो की बाबा कूलर बंद करायचे आणि आम्ही यायच्या आधी पुन्हा लावायचे. आम्हाला पत्ता नाही. बाटली मात्र थोडी थोडी रिकामी होऊ लागली होती, आणि मला वाटलं हवा बदलली. एक दिवस वैशाली लवकर घरी आली. हॉलची भट्टी झाली होती. बाबा खाटेवर, डोळे लाल, ओठ कोरडे, अंगात ताप, आणि कूलरच्या ताट्या कडक वाळलेल्या. ऊन लागलं होतं, तेही घरात बसून. तिनं कांदा किसला, कैरीचं पन्हं केलं, मला फोन केला. डॉक्टरांनी सलाइन लावलं. बाबांनी डोळे उघडले, वरची नळी पाहिली, चाक पाहिलं. "हे त आपलंच हाय," म्हणाले.

"कूलर काहून बंद केला होता मामाजी?" वैशालीनं विचारलं. ती रडत होती आणि चिडलेलीही होती.

"बाई पीत नव्हती."

दुखणं आठवडाभरात ओसरलं. मग बाबांनी पिशवी भरली. मी म्हणालो, टाकीच काढून टाकतो. ते म्हणाले, "खबरदार. जीव हाय त्यात." आणि मग, अगदी साधेपणानं, "तुह्या समुद्राले कूलर चालत नाही, मले कूलरबिना चालत नाही. तो मुका हाय. मी आपला उठून जाऊ शकतो न." ते खाप्याच्या बसमध्ये बसले आणि खिडकीतून हातही नीट हलवला नाही. म्हातारी माणसं मुलाच्या घरी आपली जागा स्वतःच कमी करत जातात. कोणी सांगत नाही त्यांना तसं. मला फार वाईट वाटलं, आणि त्यावर करण्यासारखं एकच काम माझ्या हातात होतं.

उडालेल्या पाण्यावर अवलंबून नसेल असं कॅल्शियम मला हवं होतं. थोड्यात पुष्कळ असलेलं, झाकणभर घातलं तरी पुरणारं. पुन्हा इतवारी. या वेळी रसायनांच्या गल्लीत. खाण्याच्या दर्जाचं कॅल्शियम क्लोराइड, पांढऱ्या पापुद्र्यांसारखं, दूधवाले पनीरसाठी नेतात ते. पाण्यात टाकलं की पेला हाताला गरम लागतो. त्याच्या जोडीला खायचा सोडा लागतो, पण दोन्ही एकत्र नाही. एका पेल्यात घातले की लगेच पांढरा चिखल. म्हणून एक सकाळी, एक संध्याकाळी. पावसाळाभर मी ते देऊन पाहिलं. श्रावणात हवेला पाणी सुटलेलं असतं, टाकीतलं काहीच उडत नाही, तेव्हा यापेक्षा कडक परीक्षा नव्हती. नळीतलं पाणी निळं व्हायला पुन्हा भरपूर थेंब लागू लागले. गुलाबी टिकला. दिवाळीत खाप्याला जाऊन बाबांना सांगितलं, आता कूलर चालतो, टाकीला काही होत नाही. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू पोरगा आपल्याला बरं वाटावं म्हणून बोलतो आहे. "बाई बरी हाय न?" एवढं विचारून विषय संपवला.

तर त्या रविवारी कूलर लागला. ताट्या नव्या, पाणी भरलेलं, पण बटण कोणी दाबलं नाही. तसं कडक ऊनही नव्हतं, असं आम्ही एकमेकांना सांगितलं.

पाडवा होऊन गेल्यावर एका सकाळी फाटक वाजलं. बाबा. एकटे, बसनं, न कळवता. खांद्याला पिशवी आणि हातात पंच्यात गुंडाळलेली सरबताची बाटली, तोंडाला घट्ट फडकं बांधलेली. चपला काढायच्या आधी त्यांनी ती उजेडात धरली.

"थंडीपासून भिजवून ठेवला व्हता चुना. पाह्य, आरसा हाय."

सकाळचा डोस माझा घालून झाला होता. टाकीला त्या बाटलीची गरज नव्हती. वैशालीनं माझ्याकडे पाहिलं. टेबलावरची माझी कॅल्शियमची बरणी मी कपाटात मागे सरकवली आणि म्हणालो, "बरं झालं आणली. संपतच आली होती."

बाबा टाकीसमोर बसले. बाई काचेवरच होती. शंखाच्या टोकाला ते जुने पांढरे खड्डे तसेच आहेत, ते भरून येत नसतात. पण खाली, तोंडाच्या बाजूला, एक आख्खा नवा वळसा आला आहे, स्वच्छ, गुळगुळीत. बाबांनी काचेवरून त्या वळशावर बोट फिरवलं.

"जुनं विरलं थे विरलं," ते म्हणाले. "पण विणून राहिली बाई."

दुपारी जेवणं झाली. हॉल तापला होता. बाबांच्या कपाळावर घाम दिसत होता आणि आम्ही दोघं कशात तरी गुंतल्यासारखे इकडेतिकडे करत होतो. बाबा उठले. कूलरजवळ गेले, तिथे थांबले, टाकीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"चालते न तिले?"

"चालते, बाबा."

त्यांनी बटण दाबलं. पंप घुरघुरला, ताट्यांवर पाणी सुटलं, वाळ्याचा वास हॉलभर झाला. बाबांनी खाट ओढून बरोबर हवेच्या झोतात घेतली, बंडी काढून खुंटीला टांगली आणि आडवे झाले. मला वाटलं झोपले. थोड्या वेळानं डोळे मिटलेलेच ठेवून म्हणाले,

"वैशाली, पापड डब्यात ठेव वं. नरम पडन."